कुडाळहून जुलैत पार्सलं: तबकड्या, गंजिफा, नाणी आणि एक बरणी. पॅकिंग कसं करावं?

बांधावरची_बोर

ऑनलाइन चार वस्तू विकल्या गेल्या आहेत. पैसे आले, आता माल पाठवायचाय आणि बाहेर पाऊस धो धो कोसळतोय. यादी अशी:

1) 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) जुन्या ग्रामोफोनच्या आठ तबकड्या, सगळ्या 10 इंची. नागपूर.
2) सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते), 120 पानं पूर्ण, सरकत्या झाकणाच्या रंगवलेल्या लाकडी पेटीसकट. पुणे.
3) चांदीचे 20 रुपये (पंचम जॉर्ज 12, सहावा जॉर्ज 8) आणि 30 शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी). कोलकाता.
4) चिनी मातीची झाकणाची बरणी, उंची 30 सेंमी, रुंदी साधारण 20. मुंबई.

माळ्यावर हापूसची रिकामी खोकी पडून आहेत, ती चालतील का? सिलिका जेलच्या पुड्या किती टाकायच्या? पार्सलवर किंमत खरी लिहावी की कमी? शिवाय लंडनचे एक गृहस्थ शिवराया दुप्पट भावात मागताहेत, त्यांना पाठवता येतील का? मुद्द्याचं सांगा. "नीट गुंडाळा" एवढं आम्हालाही कळतं.

---

दर्यावर्दी

आंब्याची खोकी नकोत. हवा खेळायला त्यांना भोकं असतात, तिथून पाणी आत शिरतं. एक हंगाम वापरलेल्या खोक्याचे कोपरे आधीच मऊ पडलेले असतात. माळ्यावर ठेवलेल्यात कसर आणि झुरळांची अंडी असतात ती वेगळीच. आणि वर "हापूस" छापलेलं खोकं गोदामातून सुखरूप पुढं जाईल, हा भरवसा कोकणातल्या माणसानं तरी धरू नये.

नवीन पाच प्लायची (पाच थरांच्या पुठ्ठ्याची) खोकी घ्या. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणजे पावसाळ्यात तीन प्लाय धरायचाच नाही. आंबा ज्या पेंढ्यात जातो तो पेंढा, भाताचं तूस, लाकडाचा भुसा, यातलं काही आत भरू नका. ओल धरण्यात यांच्यापुढं कुणी नाही. खोको भिजलो काय कायच उपयोग नाय.

---

तबकडी78

आधी सिलिकाचं बोलू, कारण सगळा घोळ तिथंच होतो.

लोक पाच ग्रॅमच्या दोन पुड्या टाकतात आणि निर्धास्त होतात. जरा हिशेब करा. आठ तबकड्यांच्या मध्ये आणि वर-खाली मिळून पुठ्ठ्याचे नऊ चौकोन लागतात, वजन अंदाजे 350 ग्रॅम. जुलैच्या हवेत पडलेल्या पुठ्ठ्यात कोरड्या दिवसापेक्षा सहा-सात टक्के जास्त पाणी असतं, म्हणजे 20 ते 25 ग्रॅम. सिलिका जेल साधारण आपल्या वजनाच्या पाव भाग पाणी कामाच्या वेगानं ओढतं. नुसता पुठ्ठा सुकवायलाच 100 ग्रॅम सिलिका लागलं! तुमच्या दोन पुड्या लगेच भरून जातात. मग हवाबंद पिशवीत तुम्ही वस्तूबरोबर ओल कोंडून पाठवता आणि नागपुरात पिशवी उघडल्यावर बुरशी बाहेर येते.

म्हणून आधी पॅकिंगचं सामान सुकवायचं, मग पिशवी बंद करायची. पुठ्ठे, कागद, फोम हे सगळं एसीच्या खोलीत ड्राय मोडवर रात्रभर सुटं उभं करून ठेवा, गठ्ठा करून नाही. एसी नसेल तर ओव्हनमध्ये 60 अंशांवर तासभर. चुलीवर किंवा धुरीवर नको, काजळी बसते. वस्तूही त्याच खोलीत आणा (ओव्हनमध्ये मात्र अजिबात नाही) आणि पिशवी तिथंच बंद करा. थंड वस्तू उघडी बाहेर आणली की तिच्यावर दव धरतं. बंद पिशवी बाहेर आणली तर ते दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं, पुसून टाकता येतं.

इतकं केल्यावर मग 20-30 ग्रॅम सिलिका पुरे. रंग बदलणारं घ्या, निळं असेल तर ओल घेतल्यावर गुलाबी होतं, नारिंगी असेल तर हिरवं. आधीच बदललेलं असलं तर 110 अंशांवर दोन तास तापवा, परत कामाला येतं. पुडी वस्तूला टेकू देऊ नका.

पिशवी कसली? कुडाळात हे सोपं आहे. काजूवाल्यांकडं चंदेरी पाकिटं आणि हातानं दाबायचं सीलर मशीन असतं. कोरी पाकिटं मागा, वापरलेली नकोत, काजूचं तेल उतरतं. नाणी आणि गंजिफा त्यात मस्त बसतात. तबकड्यांना मोठी पिशवी लागते, त्यासाठी पॉलिथिनची रुंद नळी मापानं कापून मिळते, ती 100 मायक्रॉनची घ्या आणि दोन्ही टोकं सील करा. पॉलिथिनमधून ओल हळूहळू आत येते, पण आठवडाभराच्या प्रवासाला अडचण नाही.

आता तबकड्या. 78 ची तबकडी लाखेची. व्हिनाइलसारखी वाकत नाही, सरळ तडकते. दोन कारणांनी फुटते: कडेवर आदळून, आणि मध्ये पोकळी राहून वरून दाब आल्यावर. दुसऱ्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

– पुसायची झालीच तर कोरड्या मऊ ब्रशनं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलंत तर लाख विरघळते, तबकडी गेली.
– प्रत्येक तबकडी साध्या कागदी पाकिटात. जुनं छापील पाकीट असेल तर ते रिकामं, वेगळं पाठवा. आत तबकडी ठेवली की कड घासून पाकिटाची शिवण फाटते.
– 10 इंच म्हणजे 25 सेंमी. चौकोन 30 सेंमीचे कापा, म्हणजे चहूबाजूंनी अडीच सेंमी पुठ्ठा पुढं राहील आणि कडेवरचा आघात तबकडीपर्यंत पोचणार नाही.
– एक पुठ्ठा नाली (पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी रेघ) उभी, पुढचा नाली आडवी, असे आलटून पालटून. सगळ्या नाल्या एकाच दिशेला आल्या तर गठ्ठा त्या रेषेत वाकतो.
– तबकडी पुठ्ठ्यावर सरकू नये म्हणून चार बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवा. टेप तबकडीला किंवा पाकिटाला लागता कामा नये.
– गठ्ठा चारी बाजूंनी टेपनं बांधा, घट्ट पण आवळून नाही. साधारण 30×30×7 चा ठोकळा होतो. तो पिशवीत सील करा.
– बाहेरचं खोकं 40×40×17. सगळीकडं पाच सेंमी मोठ्या फुग्यांचा बबल रॅप किंवा ईपीई (पॉलिथिनचा हलका) फोम. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, दोन दिवसांत चेपतात आणि ठोकळा आत खुळखुळायला लागतो.

वजन तीन किलोच्या आसपास भरेल, पण बहुतेक कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची भागिले 5000 असा हिशेब लावतात. 27,200 भागिले 5000 म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. पैसे साडेपाच किलोचे. ते वाचवायला खोकं लहान करू नका, गिऱ्हाइकाला आधी सांगा.

---

रंगपान

गंजिफाच्या बाबतीत तबकडी78 यांच्या सल्ल्याला एक आवर घालते. पॅकिंगचं सामान सुकवा, पण पानं फार सुकवू नका. खाली कापड किंवा कागद, त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर, वर रंग आणि लाख, अशी या पानांची बांधणी. एकदम ओल ओढून घेतली की खालचा थर आकसतो आणि वरच्या रंगाला बारीक भेगा जातात. म्हणून पानं ओव्हनच काय, टेबललॅम्पखालीसुद्धा नकोत. आत सिलिका दहा ग्रॅम, बस.

दुसरं, बबल रॅप थेट पानांवर किंवा रंगवलेल्या पेटीवर लावू नका. ऊन आणि दाब मिळाला की लाखेवर फुग्यांचे गोल ठसे उमटतात, ते निघत नाहीत. पहिला थर नेहमी सपाट आणि न चिकटणारा हवा. बेकिंगला वापरतात तो सिलिकॉनचा हात दिलेला कागद उत्तम. साधा बटर पेपर दमटपणात लाखेला चिकटू शकतो.

रचना अशी: दहा अवतार, प्रत्येकी बारा पानं. बारा-बाराच्या दहा गड्ड्या करा, प्रत्येक दोन पानांमध्ये बेकिंग कागदाची गोल चकती. चकती पानापेक्षा थोडी मोठी कापा. गड्डीला रबर लावायचं नाही, दोरा नाही, व्हॅक्यूम पॅकिंग तर मुळीच नाही. दाबानंच पानं एकमेकांना बसतात. फोमच्या जाड पट्टीत दहा भोकं कापून एकेक गड्डी त्यात सैल बसवा, वर-खाली फोमची एकेक पट्टी, आणि ते सगळं कडक प्लास्टिकच्या डब्यात. डबा चंदेरी पाकिटात मावला नाही तर पॉलिथिनच्या नळीत सील करा.

लाकडी पेटी वेगळी. पावसाळ्यात लाकूड फुगून सरकतं झाकण अडकतं. अडकलं असेल तर जोर लावू नका, मेण-तेलही लावू नका. झाकण बंद असेल तसंच राहू द्या आणि गिऱ्हाइकाला कळवा. पानं पेटीतच घालून पाठवायचा मोह होतो, पण प्रवासात ती आतल्या आत घासून कडांचा रंग उडतो.

आणि मोजणी. एक पान कमी निघालं तर संचाची किंमत कोसळते. 120 पानांचे पुढचे-मागचे फोटो काढा, अवतारानुसार क्रमानं, आणि गड्ड्या डब्यात जाताना सलग व्हिडिओ. मध्ये कट नको.

---

नाणेघाट

लंडनचं आधी. शिवराया पाठवता येणार नाहीत. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी वस्तू, नाणीसुद्धा, खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची. पंचम जॉर्जचे रुपये 1911 ते 1922 चे, तेही त्यात आले. सहाव्या जॉर्जचे 1938 पासूनचे आहेत, ते शंभरीत बसत नाहीत. दुप्पट भाव विसरा. गंजिफाचं वय नक्की माहीत नसेल आणि कधी बाहेर पाठवायची वेळ आली, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून "पुरावशेष नाही" असा दाखला घ्यावा लागतो. देशातल्या देशात घरची वस्तू विकणं वेगळं आणि जुन्या वस्तूंचा धंदा करणं वेगळं; धंद्याला परवाना लागतो.

आता पॅकिंग. नाणं स्वतः फुटत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. वीस रुपये म्हणजे 20 × 11.66 = 233 ग्रॅम. एवढा ऐवज पाकिटात सुटा असेल तर तो हातोडीसारखा आपटत जातो, पाकीट आतून फाडतो आणि नाणी एकमेकांना ठोकरून कडा खरचटवतात.

मऊ, वास येणारं, काचेसारखं स्वच्छ प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी. दमट उष्ण हवेत त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. नाणी ठेवायचे पुठ्ठ्याचे दोन इंची चौकोन (मध्ये पारदर्शक खिडकी असते ते) वापरत असाल तर स्टेपलरच्या पिना चपट्या पकडीनं दाबून सपाट करा, नाहीतर एका चौकोनाची पीन शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढते. रबर बँड चांदीजवळ नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. वर्तमानपत्र आणि लोकरही त्याच कारणानं नको.

शिवराया चांदीबरोबर एका पाकिटात ठेवू नका. तांब्याला समुद्राच्या खाऱ्या हवेचा जास्त त्रास. पोपटी रंगाची, नखानं उडणारी पूड दिसली तर ते नाणं बाजूला काढा आणि गिऱ्हाइकाला फोटो पाठवून विचारा. ती पूड वाढत जाते. गडद तपकिरी किंवा घट्ट हिरवा थर वेगळा, त्याला हात लावू नका. आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. घासलेल्या शिवराईला भाव मिळत नाही.

बांधणी: चौकोन एका रांगेत उभे, लहान कडक डब्यात, कडेला फोम, हलवल्यावर आवाज शून्य. चांदीचा एक डबा, तांब्याचा एक. दोन्ही चंदेरी पाकिटात सील, मग पाच प्लायच्या छोट्या खोक्यात. पाकिटातून, लिफाफ्यातून नाणी पाठवायची नाहीत. सॉर्टिंगच्या पट्ट्यावर तो फुगवटा हाताला लगेच कळतो.

पोस्टात नाणी, नोटा, सोनं-चांदी विमा उतरवल्याशिवाय टाकायची नाहीत. "रजिस्टर कर" असं अजून लोक सांगतात, पण रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. खिडकीवर "स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशन आणि विम्यासह" असं सांगा. रजिस्ट्रेशन घेतलं की पार्सल पत्त्यावरच्या माणसाच्या किंवा त्यानं नेमलेल्याच्याच हातात पडतं. विम्याची कमाल रक्कम त्याच खिडकीवर विचारून घ्या आणि ऐवज जास्त असेल तर दोन पार्सलं करा.

खासगी कुरिअरच्या नाकारलेल्या मालाच्या यादीत रोकड, सोनं-चांदी आणि पुरातन वस्तू बहुधा असतातच. त्यांनी अनवधानानं घेतलं तरी हरवल्यावर त्याच यादीवर बोट ठेवतात.

---

काचकवडी

बरणीचं थोडक्यात. झाकण काढून वेगळं गुंडाळा. जागेवर टेपनं चिकटवलेलं झाकण प्रत्येक धक्क्याला काठावर ठोके देतं. आत फोमचे तुकडे सैल भरा, कोंबू नका. बाहेरून पातळ फोमचा एक थर, मग बारीक फुग्यांचा बबल रॅप दोन वेढे, मग मोठ्या फुग्यांचा. कान असतील तर त्यांच्या पोकळीत फोम आधी. पहिलं खोकं 30×30×40, दुसरं 40×40×50, मध्ये सगळीकडं पाच सेंमी. खाली टाकून उशी होईल म्हणून थर्माकोलचे दाणे भरतात, ते चुकीचं; जड वस्तू हिंदकळत हिंदकळत दाण्यांतून तळाला जाऊन बसते.

खात्री करायची तर बरणीऐवजी तेवढ्याच वजनाच्या पणत्या गुंडाळून त्याच खोक्यात भरा आणि टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडा. एकही पणती फुटली तर पॅकिंग परत.

पण भाड्याचा हिशेब बघा: 80,000 भागिले 5000, सोळा किलो. बरणी पाच किलोचीही नसेल. मुंबईलाच जायची आहे ना? गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर चतुर्थी करून परतणाऱ्या ओळखीच्या चाकरमान्याच्या गाडीतून, मांडीवर. कुठलंही कुरिअर इतकं जपणार नाही. विमा मात्र नाही, हे त्याला आधी सांगा.

---

बांधावरची_बोर

चाकरमान्याची युक्ती पटली, मुंबईकरांना विचारते. तीन शंका राहिल्या. एसी नाही. पत्त्याचं लेबल पावसात टिकवायचं कसं? आणि किंमतीचं कुणीच बोललं नाही.

---

दर्यावर्दी

लेबल लेझर प्रिंटचं. इंकजेटची शाई एका सरीत वाहून जाते. कुरिअरचं थर्मल लेबल असेल तर त्यावर सेलोटेप चिकटवू नका, गोंदानं अक्षरं फिकट होतात. पारदर्शक खिशात घाला. पत्ता, पिनकोड आणि फोनची दुसरी प्रत खोक्याच्या आत, वरच्या फ्लॅपखाली. बाहेरचं लेबल गळून पडलं तर तीच वाचवते.

टेप 48 मिमीची तपकिरी, वर आणि खाली इंग्रजी एच अक्षरासारखी: मधला सांधा आणि दोन्ही कडा. लावायच्या आधी पुठ्ठा कोरड्या फडक्यानं पुसा, ओलसर धुळीवर टेप धरतच नाही. पाणी लावून चिकटवायची कागदी टेप पावसाळ्यात विसरा. खोक्यावरून शेवटी एक प्लास्टिकचा कव्हर चढवा.

सोमवारी किंवा मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलेलं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामाच्या फरशीवर बसतं, आणि घाटात दरड आली असली तर आणखी दोन दिवस.

---

जुनंपानं

किंमत खरीच लिहा. कमी लिहून भाडं वाचत नाही, विम्याचे चार पैसे वाचतात आणि भरपाई लिहिलेल्या आकड्यावरच थांबते. रस्त्यानं माल नेणाऱ्या ट्रान्सपोर्टला 2007 चा कायदा आणि 2011 चे नियम लागू आहेत. जास्त किंमत जाहीर करून जादा जोखमीचं भाडं भरलं नसेल तर त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती. भाडं 600 रुपये, तर भरपाई फार फार तर 6,000. गंजिफाच्या संचाचं तुम्हीच बघा.

खोक्यावर बाहेर काही लिहू नका, ना "नाणी" ना "अँटिक". फॉर्ममध्ये मात्र खरं वर्णन. काही लोक फॉर्मवरही "पुस्तकं" लिहायला सांगतात, पण खोटं वर्णन सापडलं की दावा तिथंच संपतो.

पॅकिंगचा व्हिडिओ एका दमात: वस्तू, तिची ओळखीची खूण, पिशवीचं सील, खोकं, लेबल, आणि शेवटी काट्यावरचं वजन ग्रॅमपर्यंत. काउंटरच्या पावतीवरचं वजन त्याच्याशी ताडून बघा. वाटेत खोकं उघडलं गेलं तर पहिला पुरावा वजनातला फरकच असतो. गिऱ्हाइकालाही तसाच व्हिडिओ करायला सांगा, आणि खोकं चेपलेलं दिसलं तर सही करायच्या आधी डिलिव्हरीच्या पावतीवर शेरा लिहायला सांगा. नंतर केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

---

तबकडी78

एसी नसेल तर लाकडी नाही, लोखंडी कपाट घ्या. कपडे बाहेर काढा, पुठ्ठे सुटे उभे करा, खालच्या कप्प्यात 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब, पुठ्ठ्यापासून हातभर लांब, दार बोटभर उघडं. सहा-सात तास, आणि घरात कुणीतरी असतानाच. तबकड्या आणि गंजिफा त्या कपाटात ठेवायच्या नाहीत, लाख मऊ पडेल. पुठ्ठे कोमट असतानाच बाहेर काढून पिशवीत भरा आणि तोंड दुमडून ठेवा, गार झाल्यावर तबकड्यांबरोबर रचून लगेच सील करा. गार व्हायला उघडे ठेवलेत तर बघता बघता परत ओल धरतील.

आणि नागपूरकरांना कळवा: पार्सल आल्यावर आतली पिशवी तीन-चार तास खोलीत तशीच ठेवा, मग कापा.